गाडी परराज्यातली, हमी कोणाची?

आमच्या वडूजला दिवाळीत आणि जत्रांच्या दिवसांत रस्त्याकडेला उभं राहिलं, की निम्म्या देशाच्या नंबरप्लेट मोजता येतात. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक, दिल्ली. खानापूर-आटपाडीची, खटाव-माणची माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या कामासाठी पिढ्यान्पिढ्या देशभर पांगलेली. पण गाव सुटत नाही. सणाला गाड्या घेऊन येतात आणि सुट्टी संपली की निघून जातात. त्यामुळं परराज्यातली गाडी दिसली म्हणून आमच्याकडं कुणी वळून बघत नाही. मागच्या वर्षी मात्र तशीच एक गाडी आमच्या दारात आली आणि राहिली. नंबर कर्नाटकाचा आणि प्लेट हिरवी, म्हणजे विजेवर चालणारी.

हौस म्हणून नाही घेतली. अब्बांना दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिससाठी साताऱ्याला न्यावं लागतं. पुसेगाव, कोरेगाव करत जायचं, पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तिथं चार तास थांबायचं आणि थकलेल्या माणसाला परत आणायचं. एसटीनं, वडापनं हे जमत नाही. भाड्याच्या गाडीला एका खेपेला दोन हजारांच्या वर जात होते. महिन्याचा हिशेब मांडला, तेव्हा अम्मीच म्हणाली, "एवढ्या पैशात घरची गाडी येईल की."

बेंगळुरूला आमचे दुल्हाभाई आहेत. त्यांच्या ओळखीतले एक गृहस्थ नोकरीसाठी परदेशी निघाले होते आणि त्यांना दोन वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक गाडी विकायची होती. पुण्यात तशाच गाडीची जी किंमत सांगत होते, त्यापेक्षा सव्वा लाखानं कमी. माणूस सरळ होता. मागचा बंपर एकदा बदललाय, एक सर्व्हिसिंग चुकलंय, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मालातला ऐब सांगून विकावा ही आपली जुनी शिकवण. तसं वागणारा माणूस भेटला म्हणून आम्हीही बिनघोर झालो. जरा जास्तच बिनघोर झालो, हे पुढं कळलं.

सरकारी कागदांची बाजू आम्ही नीट सांभाळली. गाडीवर बँकेचा बोजा होता; तो उतरल्याची नोंद आरसीवर करून घेतली. मग तिथल्या आरटीओचा नाहरकत दाखला, म्हणजे नमुना २८. मालक बदलाचे नमुने २९ आणि ३०. मोटार वाहन कायद्याप्रमाणं दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त आपल्याकडं ठेवायची असेल, तर इथला नवा नंबर घ्यावा लागतो. सुट्टीला येऊन जाणाऱ्या गलाईवाल्यांना ही अडचण नसते, दारात कायमची राहणाऱ्या गाडीला असते. बॅटरीवरच्या गाड्यांना नोंदणीचं आणि नव्या नंबराचं शुल्क केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२१ पासून माफ केलंय. विमाही १४ दिवसांच्या आत आमच्या नावावर करायला दिला. एवढं झालं, तेव्हा वाटलं, आता काही राहिलं नाही.

आठ महिने गाडी गुणानं चालली. अंगणात १५ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढला, अर्थिंग तपासून घेतलं. रात्री इशाच्या नमाजनंतर वायर लावायची, फजरला उठावं तर गाडी भरलेली. साताऱ्याच्या एका खेपेला पंधरा-सोळा युनिट वीज लागते. वर्धनगडचा घाट चढताना चार्जचा आकडा भराभर उतरतो आणि उतारावर थोडा परत येतो, याची अब्बांना भारी गंमत वाटायची. "चढावर दिलं ते उतारावर मिळालं," म्हणायचे.

मग एका रविवारी रात्री वायर लावली आणि गाडीवर लाल दिवा लागला. वायर काढली, पुन्हा लावली, दुसऱ्या पॉइंटवर लावून पाहिली. चार्जिंग होईना. बॅटरीत ३८ टक्के शिल्लक आणि सकाळी सोमवार. साताऱ्यापर्यंत जाण्यापुरती वीज होती, परत येण्यापुरती नव्हती. देवाचं नाव घेऊन निघालो. अब्बांना दवाखान्यात सोडलं आणि गाडी थेट सर्व्हिस सेंटरला नेली.

काउंटरवरच्या माणसानं नंबर टाकला, संगणकाकडं पाहिलं आणि म्हणाला, "गाडी कर्नाटकात विकलेली आहे. वॉरंटीचं काम तिकडंच होईल. शिवाय इथं मालक म्हणून तुमचं नाव दिसत नाही."

या एका वाक्यात दोन गोष्टी होत्या. पहिली खोटी होती आणि दुसरी खरी. त्या वेळी आम्हाला हा फरक कळला नाही. आम्ही नुसतेच हबकलो. गाडी बेंगळुरूला न्यायची कशी आणि गुरुवारी अब्बांना न्यायचं कशातून, हेच डोक्यात.

तिथल्या वर्कशॉपमधल्या एका पोरानं मात्र बाहेर येऊन आम्हाला समजावलं. घरच्या पॉइंटमधून येते ती एसी वीज, बॅटरीला लागते डीसी. मधे गाडीतच एक चार्जर बसवलेला असतो, तो एसीची डीसी करतो. आमचा तोच बिघडला होता, बॅटरी ठणठणीत होती. हायवेवरचे फास्ट चार्जर थेट डीसी वीज देतात, त्यांना गाडीतल्या चार्जरची गरज पडत नाही. "काका, तिथं लावून बघा, भरंल," म्हणाला. भरली. अब्बांचं डायलिसिस संपेपर्यंत गाडीही तयार झाली. पुढचे काही आठवडे आम्ही असंच चालवलं. घरच्या विजेपेक्षा महाग पडलं, पण एकही खेप चुकली नाही.

त्या रात्री दुल्हाभाईंना फोन केला. ते वकील नाहीत, पण कागद वाचणारे आहेत. त्यांनी आम्हाला गाडीचं हमीपत्र काढून वाचायला लावलं. आठ महिने ते डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून होतं आणि आम्ही एकदाही उघडलं नव्हतं. त्यात तीन गोष्टी निघाल्या.

एक, हमी गाडी बनवणाऱ्या कंपनीनं दिलेली होती, विकणाऱ्या डीलरनं नव्हे. देशातल्या कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला ती लागू होती. तेव्हा "जिथं घेतली तिथं जा" याला काहीच आधार नव्हता.

दोन, हमीची मुदत एक नव्हती. बॅटरी आणि मोटरला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. बाकीच्या गाडीला फक्त ३ वर्षं. आणि बिघडलेला चार्जर बाकीच्या गाडीत धरलेला होता. "आठ वर्षांची वॉरंटी आहे" असं आम्ही घरीदारी सांगत फिरत होतो, ती या भागाला नव्हतीच. आमची ३ वर्षं संपायला ४ महिने उरले होते. मुदतीनंतर हेच काम निघालं असतं तर काय खर्च आला असता, तो आकडा ऐकून अम्मी गप्पच बसली. बेंगळुरूत वाचवलेला सव्वा लाख त्यात जवळजवळ गेला असता.

तीन, गाडी विकली गेल्यावर नव्या मालकानं कंपनीला कळवून हमी आपल्या नावावर करून घ्यायची होती. हे आम्ही केलं नव्हतं. आरटीओत नाव लागलं म्हणजे सगळीकडं लागलं असं आम्ही धरून चाललो. ही चूक आमची, दुसऱ्या कुणाची नाही.

दुसऱ्या दिवशी आरसी, विक्रीचा कागद आणि आधीच्या मालकाचं पत्र जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केला. चुकलेल्या सर्व्हिसिंगबद्दलही लपवाछपवी न करता लिहिलं. गुरुवारी पुन्हा काउंटरवर गेलो. पुन्हा तेच उत्तर. या वेळी आम्ही आवाज न चढवता एवढंच म्हणालो, "ठीक आहे. गाडी आली होती, अमुक बिघाड होता, वॉरंटीत काम करत नाही आणि का करत नाही, एवढं जॉबकार्डवर लिहून द्या."

तोंडानं नाही म्हणणं सोपं असतं. लिहून द्यायची वेळ आली, तशी मॅनेजरना बोलावण्यात आलं. त्यांनी कंपनीशी बोलून घेतो म्हणून सांगितलं आणि जॉबकार्ड उघडलं. मधल्या काळात आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या क्रमांकावर, फोन करून तक्रार नोंदवून ठेवली. कंपनीनं हमी आमच्या नावावर केली. भाग यायला वेळ लागला, पण नवा चार्जर बसला आणि बिल शून्याचं आलं.

तरीही ऐकलं नसतं तर? तर बेंगळुरूला खेटे घालायची गरज नव्हती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. १९८६ च्या जुन्या ग्राहक कायद्यात समोरची पार्टी जिथली, किंवा व्यवहार जिथं झाला, तिथं दाद मागावी लागे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्यानं हे बदललं. आता ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वडूजच्या माणसाला सातारा. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच ऐकतो. फीही जबर नाही. ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत मात्र तक्रार गेली पाहिजे. आणि तिथं पहिला प्रश्न येतो तो कागदाचा. म्हणून ते जॉबकार्ड.

मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, असं सूरह बकरात सांगितलेलं आपण ऐकत आलोय. आम्ही ते उसनवारीपुरतं धरलं होतं. हमी म्हणजे तरी काय, मुदतीचं वचनच की. ते कुणाच्या नावानं लिहिलंय आणि कधी संपतंय, हे घेणाऱ्यानंच पाहायला हवं.

आमच्या घरात पुन्हा असा सौदा झाला तर आता कसा करू, ते सांगतो. नवी गाडी असेल, तर परराज्याचा मोह आधी हिशेबात बसवून पाहू. इलेक्ट्रिक गाडीवरचा जीएसटी सगळ्या राज्यांत सारखाच, ५ टक्के आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात इथं नोंदवलेल्या इलेक्ट्रिक गाडीला मोटार वाहन कराची माफी आहे. मग लांबून आणण्यात नेमकं काय वाचतं, ते कागदावर मांडलं पाहिजे.

जुनी गाडी असेल, तर विसार देण्याआधी तिच्या नंबरावरून सर्व्हिसची सगळी नोंद अधिकृत सेंटरमधून मागवू. हमी दुसऱ्या मालकाला मिळते का आणि किती मिळते, हे लेखी घेऊ. अलीकडं एमजीच्या विंडसरला, महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांना बॅटरीची आयुष्यभराची हमी दिलेली आहे, पण ती पहिल्या मालकापुरती. गाडी विकली की मुदत ठरलेली होते. जाहिरातीतला "आयुष्यभर" हा शब्द जुनी गाडी घेणाऱ्याचा नसतो. जुन्या गाडीवर आपल्याकडं काही कर लागणार का, तेही आरटीओत आधीच विचारून घेऊ. आणि सगळ्यात आधी पाहू की त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे आणि तिथं इलेक्ट्रिक गाडीचं काम शिकलेला माणूस आहे का. गाडी बेंगळुरूहून एकदाच आणायची असते, सर्व्हिस सेंटरला वरचेवर जावं लागतं.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या रात्री अब्बा स्वतः अंगणात खुर्ची टाकून बसले होते. वायर लावली, हिरवा दिवा लागला. "आता उद्याचं बघायला नको," म्हणाले आणि आत गेले. हमीपत्र, आरसीची प्रत आणि जॉबकार्ड आता एका फायलीत आहेत. अम्मीनं ती फाईल अब्बांच्या दवाखान्याच्या फायलीशेजारी ठेवलीय. दर सोमवारी आणि गुरुवारी दोन्ही बरोबर निघतात.

तुमच्यापैकी कुणी परराज्यातून गाडी आणली असेल, तर कुठं अडलं आणि कसं सुटलं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकांत इन्शाअल्लाह ते सगळ्यांपर्यंत पोचवू.