दुसरा हंगाम बघू द्या

नव्या कोचच्या पहिल्या हंगामाचा अनुभव पुण्यातल्या फुटबॉलवेड्यांइतका देशात क्वचितच कुणाच्या गाठीशी असेल. २०१४ ते २०१९ या काळात एफसी पुणे सिटी इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) पाच हंगाम खेळला आणि प्रत्येक हंगामात आमच्यासमोर नवा माणूस उभा राहिला. आधी इटलीचे फ्रँको कोलोंबा, मग इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट, मग स्पेनचे अंतोनिओ हबास, मग सर्बियाचे रँको पोपोविच. पाचव्या वर्षी मिगेल आंखेल पोर्तुगाल आले ते तीन सामन्यांत गेले. मग प्रद्युम रेड्डींनी हंगामी गाडा ओढला आणि उरलेला भाग फिल ब्राउन यांनी निभावला. यातल्या एकाचाही दुसरा हंगाम आम्ही बालेवाडीच्या मैदानावर पाहिला नाही.

मी खडकीची. आमच्याकडे लष्कराच्या वस्तीमुळे फुटबॉल क्रिकेटइतकाच जुना. बालेवाडीला जायचं म्हणजे औंध-बाणेरची गर्दी पार करायची, केशरी जर्सीवर स्वेटर चढवायचा आणि रात्री परतताना रिक्षावाल्याशी घासाघीस करायची. हे सगळं आनंदाने केलं, कारण दर हंगामाला आम्ही गुडघ्याला बाशिंग बांधून तयार असायचो.

पोपोविच यांचा २०१७चा पहिला सामना आठवतो. घरच्याच मैदानावर दिल्लीकडून २-३ हार. मागच्या रांगेतल्या एका काकांनी तिथेच निकाल लावून टाकला : "ह्याला नाताळच्या सुट्टीला घरी पाठवा आणि परत बोलावू नका." त्याच आठवड्यात कोलकात्यात जाऊन आपण ४-१ने जिंकलो. मग बालेवाडीत मुंबई सिटीला पिछाडीवरून २-१ने हरवलं; दोन्ही गोल आपला स्ट्रायकर अल्फारोचे. काका माझ्या खांद्यावर थापा मारत होते आणि पोपोविच यांना 'आपला रँको' म्हणत होते. (मुंबईला हरवल्यावर पुणेकराचा स्वभाव किती मोकळा होतो, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.) त्या वर्षी संघ चौथा आला, पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. मार्च २०१८मध्ये बालेवाडीत बेंगळुरूला ०-० असं रोखलं. बेंगळुरूत मात्र सुनील छेत्रीने तीन गोल ठोकून आमचा कारभार ३-१ असा आटोपला.

घरी येताना सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं : पुढच्या वर्षी बघा. पुढच्या वर्षी पोपोविच नव्हते, संघ सातवा आला, आणि त्यानंतर क्लबच उरला नाही. आमची जागा हैदराबादने घेतली.

हैदराबादची पुढची कथा पुण्याच्या चाहत्याने मुद्दाम वाचावी अशी आहे. ब्राउन तिकडेही गेले, पण २०१९-२०मध्ये संघ तळाला राहिला. पुढच्या हंगामाला मानोलो मार्केझ आले. त्या वर्षी पाचवा नंबर. क्लबने त्यांना ठेवलं, आणि दुसऱ्या हंगामात, मार्च २०२२मध्ये, गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर केरळला पेनल्टींवर हरवून ते आयएसएल जिंकले. हळहळ वाटलीच, खोटं कशाला बोलू!

इतकं लांब तरी कशाला जायचं? पुण्यात हे आधी घडून गेलेलं आहे. पुणे एफसी २००९मध्ये आय-लीगमध्ये आला तेव्हा गोव्याचे डेरिक परेरा कोच झाले. पहिल्याच वर्षी तिसरा नंबर. पुढची दोन वर्षं संघ पहिल्या तिनात नव्हता. तरी परेरांना कुणी हलवलं नाही, आणि चौथ्या हंगामात, २०१२-१३मध्ये, पुणे चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा आला. देशातल्या सर्वोच्च साखळीत पुण्याने याहून वरचा नंबर कधी पाहिलेला नाही.

हे सगळं उगाळायचं कारण खालिद जमील. ऑगस्ट २०२५मध्ये ते भारताचे कोच झाले. सावियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी ही खुर्ची भारतीय माणसाला मिळाली. त्यांच्या आधी याच खुर्चीवर मानोलो होते. हैदराबादला दुसऱ्या हंगामात विजेतेपद देणारा हा माणूस भारतीय संघात वर्षभर टिकला. जमील मात्र आम्हाला परके नाहीत. मुंबईच्या कूपरेज मैदानाचं काम चालू असताना मुंबई एफसीचे घरचे सामने बालेवाडीत होत, तेव्हा रेषेशेजारी उभे असलेले जमील आम्ही पाहिलेत. त्या संघाकडे ना पैसा, ना नाव. सात वर्षं त्यांनी तो आय-लीगमध्ये तगवला. २०१६मध्ये त्यांना निरोप मिळाला, ते मिझोरामच्या ऐझॉलकडे गेले आणि पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकले. त्याच वर्षी मुंबई एफसी तळाला जाऊन खालच्या श्रेणीत घसरला.

ऐझॉलमुळेच तर लोकांच्या अपेक्षा भलत्या वाढल्या. सुरुवातही झकास झाली : सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून काफा नेशन्स कपात तिसरं स्थान. मग ऑक्टोबरात फातोर्ड्याला सिंगापूर. छांगतेने आघाडी मिळवून दिली, तरी १-२ने हरलो आणि आशिया कपची वाट बंद झाली. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच 'नवा कोच आणा' सुरू झालं. मागच्या रांगेतल्या काकांचे अवतार सगळीकडे आहेत.

पण आशिया कपची ती पात्रता फेरी जमील यांच्या हाती आली तीच अर्धी बिघडलेली. बांगलादेशशी बरोबरी आणि हाँगकाँगकडून हार, हे आधीच्याच खात्यावर होतं. आणि गोल करणारा माणूस कुठून आणायचा? निवृत्त झालेल्या छेत्रीला चाळिशीत परत बोलवावं लागलं, यातच सगळं आलं. आपल्या क्लबांत पुढची जागा बहुधा परदेशी खेळाडूला दिली जाते. भारतीय पोरगा बाजूला, नाहीतर बाकावर. हे कोच एका वर्षात बदलू शकत नाही. त्याने दोन-तीन तरुण स्ट्रायकर निवडावेत आणि ते चुकले तरी पुन्हापुन्हा खेळवावेत. पहिल्या हंगामात माझी मागणी एवढीच आहे.

महासंघाने जमील यांच्याशी दोन वर्षांचा करार केला आहे, तिसऱ्या वर्षाची सोय ठेवून. तो पुरा पाळा. त्यानंतर हिशेब मागायला खडकीहून मीही येईन.