मर्यादेची वेस कोणी राखावी?

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी हे गाव आहे. विधानसभेसाठी ते भोकरदन मतदारसंघात मोडते. २०१९ च्या निवडणुकीत या मतदारसंघात भारतीय जनता पक्षाचे श्री. संतोष दानवे आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे श्री. चंद्रकांत दानवे यांच्यात सामना झाला. २०२४ साली पुन्हा हेच दोघे समोरासमोर उभे राहिले आणि दोन्ही वेळा श्री. संतोष दानवे यांनाच कौल मिळाला. मधल्या पाच वर्षांत एक गोष्ट मात्र बदलली होती. २०१९ मध्ये ज्या टेंभुर्णीकराने घड्याळासमोरचे बटण दाबले, त्याला २०२४ मध्ये यंत्रावर घड्याळ दिसले नाही. त्याचा उमेदवार तुतारी वाजवणाऱ्या माणसाच्या चिन्हावर उभा होता, आणि घड्याळ हे चिन्ह प्रतिपक्षाच्या मित्रपक्षाकडे गेले होते. मतदार होता तेथेच होता, पायाखालची जमीन तेवढी सरकली होती. ती सरकवताना त्याला कोणी विचारले नव्हते.

हा इतिहास ताजा आहे, तरी त्याची उजळणी आवश्यक वाटते. २०१९ साली भाजप आणि शिवसेना यांनी युती म्हणून मते मागितली. निकालानंतर मुख्यमंत्रिपदावरून ती मोडली. २३ नोव्हेंबरच्या भल्या पहाटे एक सरकार शपथ घेऊन उभे राहिले आणि चौथ्या दिवशी कोसळले. त्यानंतर, परस्परांविरुद्ध मते मागितलेल्या पक्षांनी एकत्र येऊन दुसरे सरकार स्थापिले. जून २०२२ मध्ये शिवसेना दुभंगली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस. कोणी युतीचा शब्द मोडला, कोणी पक्ष मोडला, कोणी मोडलेल्या पक्षांच्या बळावर सत्तेचा डोलारा उभारला. या पाच वर्षांच्या जमाखर्चात एकही मोठा पक्ष संपूर्ण निर्दोष ठरेल, असे आम्हांस वाटत नाही.

यातील प्रत्येक कृत्याला कायद्याचा काही ना काही आधार दाखविण्यात आला, ही यातील विशेष चिंतेची बाब होय. पक्षांतरास आळा घालण्यासाठी १९८५ साली घटनेत दहावे परिशिष्ट जोडले गेले. एकतृतीयांश सदस्यांच्या फुटीला त्यात असलेली सवलत २००३ च्या घटनादुरुस्तीने काढून टाकण्यात आली. तरीही दोन पक्ष फुटले आणि अपात्रतेचा निवाडा करण्याचे काम परिशिष्टानुसार विधानसभा अध्यक्षांकडे, म्हणजे एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या व्यक्तीकडे आले. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, राज्यपालांनी बहुमत चाचणीसाठी दिलेला आदेश समर्थनीय नव्हता, असा निर्णय दिला. परंतु तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी चाचणीस सामोरे न जाता राजीनामा दिला असल्याने पूर्वस्थिती आणता येत नाही, हेही त्याच निर्णयात सांगितले. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांचा निकाल आला. त्यात शिवसेनेच्या कोणत्याही गटाचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. चूक झाली, पण तिचे उत्तरदायित्व कोणावरच आले नाही, एवढाच बोध सामान्य नागरिकाने यातून घेतला असेल, तर त्याला दोष कसा द्यावा?

हेच शैथिल्य प्रचाराच्या भाषेत उतरले. ‘गद्दार’ आणि ‘खोके’ हे शब्द एका बाजूने इतके वापरले की प्रश्न, धोरण आणि कार्यक्रम यांना सभेत जागाच उरली नाही. दुसऱ्या बाजूने ‘बटेंगे तो कटेंगे’ ही घोषणा या संतभूमीत आणून मतदाराला शेजाऱ्याचे भय दाखविण्यात आले. जत येथील सभेत श्री. सदाभाऊ खोत यांनी श्री. शरद पवार यांच्या चेहऱ्यावरून, म्हणजे एका दुर्धर व्याधीच्या खुणेवरून, टीका केली. मुंबईत श्री. अरविंद सावंत यांनी एका स्त्री उमेदवाराविषयी ‘माल’ हा शब्द उच्चारला. दोघांनीही पुढे दिलगिरीचे सूर काढले. परंतु शब्द तोंडातून निसटण्यापूर्वी जो विवेक जागा असावयास हवा, तो दिलगिरीने भरून येत नाही.

कायदा यावर काय करू शकतो? धर्म वा जात यांच्या नावाने मते मागणे आणि उमेदवाराच्या चारित्र्याविषयी जाणूनबुजून असत्य पसरविणे, ही १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमानुसार भ्रष्ट आचरणे आहेत. पण या कायद्याची गती पाहा. विलेपार्ले येथील १९८७ च्या पोटनिवडणुकीतील प्रचाराबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ साली ती निवडणूक रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब १९९५ साली झाले, आणि त्या प्रचारातील भाषणांबद्दल श्री. बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी काढून घेतला गेला तो १९९९ मध्ये. भाषण आणि दंड यांच्यात बारा वर्षे लोटली. आदर्श आचारसंहिता तर स्वतः कायदाच नाही. पक्षांच्या संमतीवर आणि आयोगाच्या धाकावर ती उभी आहे. कायदा हा गावाबाहेरचा चौकीदार आहे. त्याला हाक पोहोचेपर्यंत घर लुटले गेलेले असते.

मग वेस राखावयाची कोणी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना अमेरिकेकडे पाहणे उपयोगाचे ठरेल. कारण तेथील घटना दोन शतकांहून जुनी आणि न्यायालये बलाढ्य आहेत. २००० साली फ्लोरिडा राज्यातील अवघ्या ५३७ मतांच्या फरकावर अध्यक्षपद ठरले. न्यायालयाचा निर्णय पटला नसतानाही अल् गोर यांनी तो स्वीकारला आणि प्रतिस्पर्ध्याचे अभिनंदन केले. २००८ साली मिनेसोटातील एका सभेत जॉन मॅक्केन यांच्याच पाठीराख्या स्त्रीने ओबामांना ‘अरब’ म्हटले, तेव्हा मॅक्केन यांनी ध्वनिक्षेपक तिच्या हातून घेतला आणि ओबामा हे सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक असून आपले त्यांच्याशी मतभेद आहेत ते मूलभूत प्रश्नांवर, असे सर्वांदेखत सांगितले. त्या सभेत स्वतःच्याच लोकांनी त्यांची हुर्यो उडविली, तरी ते मागे हटले नाहीत. पुढे २०२० च्या निवडणुकीत पराभूत अध्यक्षांनी निकाल नाकारला, ६ जानेवारी २०२१ रोजी त्यांच्या समर्थकांचा जमाव संसदभवनात घुसला आणि नव्या अध्यक्षांच्या शपथविधीस मावळते अध्यक्ष उपस्थित राहिले नाहीत. या वीस वर्षांत घटनेचे शब्द बदलले नव्हते. स्वपक्षीयाला ‘थांब’ म्हणणारी माणसे तेवढी विरळ झाली होती. जी उरली त्यांना किंमत मोजावी लागली. लिझ् चेनी यांनी आपल्याच पक्षाच्या नेत्याला जाब विचारला आणि २०२२ मध्ये वायोमिंगमधील पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांना उमेदवारी गमवावी लागली.

आमचे म्हणणे हे की, मर्यादा मोडणाऱ्यास विरोधकाने दिलेला दोष फुकट जातो, कारण तो अपेक्षितच असतो. परिणाम होतो तो स्वकीयाच्या शब्दाचा. २०२४ च्या प्रचारातच याची प्रचीती आली. श्री. खोत यांच्या वक्तव्याचा जाहीर निषेध त्यांच्याच आघाडीतील श्री. अजित पवार यांनी केला, आणि शब्द मागे घेतले गेले. ‘बटेंगे तो कटेंगे’ ही घोषणा महाराष्ट्रात चालणार नाही, असे त्यांनीच बजावले. भाजपच्या श्रीमती पंकजा मुंडे यांनीही त्या घोषणेपासून स्वतःस दूर ठेवले. यामागे मतांचे गणित असेलही. तरी सत्कृत्याचा हेतू खोदत बसण्यापेक्षा त्याची नोंद करणे आम्ही अधिक इष्ट समजतो.

ही परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणास आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने त्यांच्या मार्गावर प्रचंड निदर्शने केली. शंभराहून अधिक माणसे त्या आंदोलनात बळी पडलेली होती आणि जखम ओली होती. तरीही निदर्शने शांततेत पार पडली, कारण समितीच्या नेत्यांनी आपल्या लोकांना आवरले. त्या काळची भाषा मवाळ होती असे कोणी म्हणणार नाही. लेखण्यांना आणि जिभांना चांगलीच धार होती. पण अनुयायांना आवरणे हाही नेतृत्वाचाच भाग आहे, याचा विसर तेव्हा पडला नव्हता.

आज हा विसर पडला, तर त्याची झळ कोठे पोहोचते हे जालना जिल्ह्याला सांगावयास नको. मराठा आरक्षणासाठी उपोषण झाले ते अंतरवाली सराटीत आणि ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी झाले ते वडीगोद्रीत. दोन्ही गावे एकाच अंबड तालुक्यातील. दोन्हीकडची गाऱ्हाणी ऐकून घेण्याजोगी आहेत. परंतु पक्षांनी त्यांवर आपापली पोळी भाजून घेतली आणि निवडणुकीचा मंडप उतरल्यावर गावात उरला तो अबोला. नेते सायंकाळी पुढच्या सभेस निघून जातात. एका विहिरीवर, एका बाजारात आणि एका शाळेच्या फाटकाशी रोज भेटावयाचे असते ते गावकऱ्यांना.

विजयी पक्षावर याबाबत अधिक भार असतो. २०१५ साली दिल्लीच्या ७० सदस्यांच्या विधानसभेत भाजपचे अवघे तीन आमदार होते. तरी तेथे विरोधी पक्षनेतेपद त्या पक्षास देण्यात आले. २०२४ नंतर महाराष्ट्राच्या २८८ सदस्यांच्या विधानसभेत सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचे २० आमदार निवडून आले. तरी निवडणुकीनंतरचे वर्ष ते पद रिक्तच राहून सरले. नियम काय सांगतो हा वाद वकिलांनी घालावा. औदार्य काय सांगते, ते शाळकरी मुलासही कळते.

आणि अखेरचा शब्द आमच्या सुशिक्षित वाचकांसाठी, ज्यांत आम्ही स्वतःसही धरतो. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ ही म्हण आपण घरी हसत सांगतो, पण राजकारणात तिचेच व्रत आचरतो. विरोधकाचे पक्षांतर ही विक्री आणि आपल्याकडे येणारा तो मतपरिवर्तन झालेला साधू. त्यांची शिवी असंस्कृत आणि आपली सडेतोड. नेते जे करतात ते आपण खपवून घेतो म्हणूनच करतात. पुढल्या निवडणुकीत टेंभुर्णीचा मतदार पुन्हा यंत्रापुढे उभा राहील. विरोधकाला पाडण्याचे बळ त्याच्या बोटात आहेच. आपल्याच उमेदवाराला, आपल्याच गावच्या सभेत, सर्वांदेखत ‘हे शोभत नाही’ असे सांगणारे चारजण तेथे निघाले, तर गावची वेस शाबूत राहील. शहरातून आपण तेवढे चारजण काढू शकू काय, याचे उत्तर मात्र आपणांसच द्यावयाचे आहे.