‘आमचंच कॉलेज का?’

बारावीनंतर थेट अमेरिकेत शिकायला जायचं स्वप्न बघणारी मुलं-मुली हल्ली आपल्या वस्त्यांतूनही दिसू लागली आहेत. थोडी आहेत, पण आहेत. त्यांतली काही मला अर्ज वाचायला देतात आणि बहुतेकांची गाडी एकाच प्रश्नाशी अडते: तुम्ही आमचंच कॉलेज का निवडलंत? येल त्यासाठी १२५ शब्द देतं, मिशिगन ५५०.

आपल्या मुलांना हा प्रश्न कधी कुणी विचारलेलाच नसतो. सीईटीचे पर्सेंटाइल आले, कॅप राउंडला कॉलेज लागलं, फी झेपली की प्रवेश घेतला. ‘लागलं’ हा शब्दच बघा, त्यात निवड कुठे आहे? मग मुलं हाताशी असलेला एकमेव नमुना उचलतात, विनंती अर्जाचा. आपली जगप्रसिद्ध संस्था, थोर परंपरा, अनुभवी प्राध्यापक वगैरे. कॉलेजचं नाव खोडून दुसरं घातलं तरी मजकूर तसाच चालेल! कोलंबियाच्या अर्जात बाबासाहेबांचं नाव येतंच. ते १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर तिथे गेले, हे खरं. पण तू का जातोयस, याचं ते उत्तर नव्हे.

भिवंडीच्या एका मुलीने कॉर्नेलसाठी लिहिलेला निबंध असाच रँकिंगने सुरू झाला होता. कॉर्नेलमध्ये कामगार आणि उद्योग यांचे संबंध शिकवणारं वेगळं स्कूल आहे, १९४५ पासूनचं. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १९११ साली आग लागून १४६ कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. त्या आगीची कागदपत्रं तिथल्या कामगार-संग्रहात आहेत. हे सगळं तिने वाचलं होतं, निबंधात मात्र नव्हतं. तिचे अब्बा पॉवरलूमवर आहेत. मजुरी मीटरवर, लाइट गेली की मजुरी बुडते. हा तोटा मालकाने सोसायचा की कामगाराने, हा तिचा लहानपणापासूनचा प्रश्न. तो का नाही लिहिलास, विचारलं तर म्हणाली, “सर, अब्बांचं लिहिलं तर रडगाणं वाटेल.”

मला ते पटत नाही. दुःख सांगून थांबलात तर रडगाणं. त्यातून उठलेला प्रश्न घेऊन तो जिथे शिकवतात त्या दारात गेलात, तर ते निवडीचं कारण झालं. ‘मुसलमान असल्याचं लिहू का’ यावरही माझं उत्तर हेच असतं. तुमच्या प्रश्नात ते येत असेल तर जरूर लिहा. भीतीचं लिहा, ते खपतं, असं सांगणारे सल्लागार भेटतात. त्यांना फी देऊ नका.

राहिला पैसा. पुष्कळदा खरं कारण तेच असतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण त्याची जागा या निबंधात नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी परदेशी मुलांचीही ऐपत न बघता निवड करतात आणि गरजेइतकी मदत देतात. कॉर्नेलसह बरीच कॉलेजं परदेशी मुलांची ऐपत बघतात. मदतीचा अर्ज वेगळा असतो आणि प्रवेशाच्या वेळी तो केला नाही तर पुढे मागता येत नाही, अशी अटही अनेक ठिकाणी असते. तेव्हा आधी अब्बा-अम्मींना घेऊन बसा आणि ही चौकशी पुरी करा. निबंध त्यानंतर. आणि पहिला खर्डा इंग्रजीत नको, घरी बोलता त्या भाषेत लिहा. उर्दू, दखनी, मराठी, जी असेल ती.