‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे

रोहू, कटला, मृगळ यांचे बीज तळ्यात सोडण्यापूर्वी आपले मत्स्यशेतकरी मोहाची पेंड टाकतात, हेक्टरी सुमारे २५०० किलो. तिच्यातील सॅपोनिन माशांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडते आणि तळ्यातील भक्षक व निरुपयोगी मासे मरतात. दोन-तीन आठवड्यांत विषाचा प्रभाव ओसरतो व त्याच पेंडीचे खत होते. वनस्पतीचे विष माशाला मारते, हे ज्ञान आपल्याकडे असे रोजच्या वापरातले आहे. तरीही कीडनाशकाचा विषय निघाला की ‘वनस्पतिजन्य, म्हणून सुरक्षित’ असे आपण सहज म्हणून जातो.

डेरिस वनस्पतीच्या मुळांतील रोटेनोन पेशीतील श्वसनसाखळी तोडते. पाण्यात प्राणवायू असूनही मासा तडफडून मरतो. पायरेथ्रम फुलांतील पायरेथ्रिन उन्हात लवकर विघटित होते, परंतु तत्पूर्वी ते पाण्यात पोहोचल्यास माशांना अत्यंत घातक ठरते. कडुनिंबातील ॲझाडिरॅक्टिन त्या मानाने सौम्य आहे. मात्र निंबोळीच्या कच्च्या अर्कात इतरही अनेक संयुगे असतात आणि अधिक मात्रेत अशा अर्काने माशांच्या कल्ल्यांना इजा झाल्याचे प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

हा मुद्दा आज महत्त्वाचा का? नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने २४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. एक कोटी शेतकरी आणि दहा हजार जैव-निविष्ठा केंद्रे हे त्याचे उद्दिष्ट आहे. हे पाऊल स्वागतार्हच आहे. एंडोसल्फानसारख्या मत्स्यघातक रसायनावर सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये बंदी घालावी लागली, हे विसरून कोणी रासायनिक फवारणीकडे परत वळावे, असे मी मुळीच सुचवत नाही. परंतु नोंदणीकृत निंबोळी कीडनाशकाच्या वेष्टनावर ॲझाडिरॅक्टिनचे प्रमाण छापलेले असते. पिंपात मुरवलेल्या दशपर्णी अर्कात कोणते विष किती उतरले, हे कोण मोजतो? अरुणाचलातील झिरो खोऱ्यात अपातानी शेतकरी भाताच्या खाचरातच मासे वाढवतात. अशा शेतीत पीक आणि मासा यांचे पाणी एकच असते.

म्हणून प्रचलित अर्कांची माशांवरील ९६ तासांची विषाक्तता-चाचणी मत्स्य महाविद्यालयांनी हाती घ्यावी आणि तिचे निष्कर्ष जैव-निविष्ठा केंद्रांच्या फलकावर स्थानिक भाषेत लावावेत. तोवर साधे पथ्य पाळावे: तळ्याकाठी फवारणी नको, पावसाच्या तोंडावर नको, आणि पंप ओढ्यात धुणे तर नकोच.

विद्यार्थिमित्रांनो, रेणू कारखान्यात घडला की पानात, हे माशाच्या कल्ल्याला कळत नाही. त्याच्यावर परिणाम होतो तो रेणूच्या रचनेचा आणि मात्रेचा. आपला निर्णयही त्याच दोन गोष्टी तपासून व्हावा.