पोट भरले, अंगी काही लागले नाही



इंडिया आणि भारत ही वाटणी आपण सभांतून वर्षानुवर्षे मांडत आलो. इंडियाचे पोट सुटलेले आणि भारताच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. ऐकणाऱ्याला ते पटे, कारण डोळ्यांपुढे तेच दिसे. आज या चित्रात दुरुस्ती करावी लागेल. लठ्ठपणा शहराची वेस ओलांडून आपल्या गावात आला आहे, आणि कुपोषण काही गाव सोडून गेलेले नाही. दोघे एकाच छपराखाली नांदतात. घरची बाई पन्नाशीच्या आतच गुडघे धरून उठते, तिला साखरेची गोळी सुरू आहे, आणि तिच्या मांडीवरचा नातू अंगणवाडीच्या काट्यावर कमी भरतो.

हे आमच्या मनचे नाही. सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. २००५-०६ साली देशाच्या ग्रामीण भागात १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांमागे ७ जणी प्रमाणाबाहेर वजनाच्या होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत त्या जवळजवळ २० झाल्या. त्याच पाहणीत प्रमाणापेक्षा रोड स्त्रिया १०० मागे २१ निघाल्या. म्हणजे दोन्ही पारडी जवळपास सारखी. आणि आपल्या महाराष्ट्रात ५ वर्षांखालच्या १०० मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी.

शहरातले शहाणे म्हणतील, खेड्यात पैसा आला, खाणे वाढले, म्हणून अंगे सुटली. असे असते तर मग त्याच घरातले पोर का वाळते? लठ्ठपणा हा सुखवस्तूपणाचा पुरावा नाही. पोट भरते पण अंगी लागत नाही, अशा खाण्याचा तो पुरावा आहे.

याचे मूळ आईच्या पोटापासून सुरू होते. पुण्याजवळच्या ६ खेड्यांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गरोदर स्त्रियांचा, आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले. तिथे जन्मलेल्या मुलांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या मुलांचे सुमारे ३.५ किलो. पण खरी गोष्ट पुढे आहे. आपल्या मुलांचे मांस कमी, हाडपेर लहान, चरबी मात्र त्या मानाने शाबूत. दिसायला रोड, आतून मेदाचे. अशा मुलाला पुढे तेल, साखर आणि मैदा मिळाला की उंची वाढत नाही, पोट वाढते, आणि मधुमेह लवकर गाठतो. त्याच गावांत असेही दिसले की ज्या आया पालेभाजी, फळ आणि दूध खात होत्या त्यांची मुले वजनाने भरली, आणि ज्या शेतात जास्त राबत होत्या त्यांची हलकी निपजली. निंदणाची पाळी आणि बाळाचे वजन यांचा संबंध आहे, हे आपण पुरुषांनी नीट ऐकून घ्यावे.

आता ताटाकडे येऊ. रेशनचे धान्य २०२३ पासून फुकट झाले. ते बंद करा असे आम्ही म्हणत नाही. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्यांनी खाल्ली त्यांना भूक काय ते सांगायला नको. पण रेशनमध्ये येते काय? मुख्यतः गहू आणि तांदूळ. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. पांढऱ्या तांदळात चोथा ३ ग्रॅमच्या आत आणि लोह १ मिलिग्रॅमही नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचा उल्लेख आहे, २०२३ साल जगभर भरड धान्याचे वर्ष म्हणून साजरे झाले, ज्वारीला 'श्रीअन्न' म्हटले गेले. नाव मोठे झाले, खरेदी मात्र त्या मानाने झाली नाही. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा जाहीर भाव क्विंटलला ३,६९९ रुपये आणि मालदांडीचा ३,७४९, तर २०२५-२६ च्या खरेदी हंगामात गव्हाचा २,४२५. कागदावर ज्वारी गव्हाच्या वर आणि सरकारी गोदामात गव्हाच्या मानाने तिला पुसणारे थोडेच! मग शेतकऱ्याने पाखरे का राखावी? कणसे भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडतो, कापणी-खुडणीला माणूस मिळत नाही. ज्वारी आपण सोडली, कारण ती परवडेना.

दुसरी गोष्ट तेलाची. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येते, आणि त्यात पामतेलाचा वाटा मोठा. मे २०२५ अखेर सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले. कापूस पिकवणाराही तेलबियाच पिकवतो, हे धोरण ठरवणारे विसरतात. तेल पडले की सरकी पडते, आणि सरकी पडली की कापसाचा भाव खाली ओढला जातो. तेच स्वस्त तेल पाच-दहा रुपयांच्या पुड्यांतून पुन्हा आपल्याच पोरांच्या हातात येते. आपला माल मातीमोल, आणि आपले पोर पुड्यावर!

पण सगळे पाप सरकारच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. दूध डेअरीला घालून पोराला बिस्किटे आणतो ते आपणच. कपाशीतले ज्वारी, मूग, उडदाचे तास मोडून बांधाला बांध एकच पीक केले तेही आपणच. सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरले ते खाणारी बाई आपल्याच घरातली आहे.

म्हणून या बैठकीत ठराव व्हावा. जाहीर भावाने ज्वारीची खरेदी सुगीतच, जिल्ह्यातच करा आणि त्याच जिल्ह्याच्या रेशनमध्ये, अंगणवाडीत आणि शाळेत ती द्या. जोडीला तूर, शेंगदाणा आणि अंडे द्या. आपला माल बाजारात यायच्या तोंडावर तेलाचे आयात शुल्क कमी करू नका. ही भीक नाही. गोदामात गहू घालणाऱ्याला जे मिळते तेच आम्ही मागतो.

आणि घरी गेल्यावर आपण दोन कामे करू. येत्या खरिपात घरच्या खाण्यापुरती ज्वारी आणि डाळ पेरू. आणि घरात पोटुशी बाई असेल तर शेवटच्या महिन्यांत तिच्या हातातले विळे काढून घेऊ, दुधाचा पहिला पेला तिला देऊ. याला सरकारच्या मंजुरीची गरज नाही.