‘अमेरिकन गॉड्स’ : विसरलेले देव जगतात कसे?

नील गेमन यांची ही कादंबरी २००१ची. स्थलांतरितांसोबत त्यांचे देवही अमेरिकेत आले. पुढच्या पिढ्या मात्र त्यांना विसरल्या. मग ओडिन लोकांना गंडवून पोट भरतो, तर इजिप्तचे देव इलिनॉयमधल्या कैरोत (गाव खरं आहे, मॅपवर बघा) अंत्यविधीचा धंदा सांभाळतात. आपली कालीही भेटते, ‘मामाजी’ म्हणून. समोर नवे देव : टीव्ही, इंटरनेट. त्यांना नैवेद्य लागतो तो आपल्या वेळेचा आणि लक्षाचा. हातोहाती स्मार्टफोन येण्याआधी लेखकाने हे ओळखलं, हे मला ह्युगो आणि नेब्युला पुरस्कारांपेक्षा मोठं वाटतं. मधला भाग रेंगाळतो, ते चालवून घ्या. २०१७ची मालिका नंतर. आधी पुस्तकच वाचा.