करार कोणाशी आणि कोणासाठी?

जून २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या समारंभात पाच परदेशी शिक्षणसंस्थांना मुंबई व नवी मुंबई परिसरात आपली संकुले उभारण्यासाठी इरादापत्रे देण्यात आली. ब्रिटनमधील ॲबर्डीन व यॉर्क, ऑस्ट्रेलियातील युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीतील एक डिझाइन संस्था, अशी ती पाच. परदेशी शिक्षणासाठी घर वा जमीन गहाण ठेवणारी कुटुंबे आम्हाला परकी नाहीत. त्यामुळे लोकलच्या प्रवासात गाठता येणाऱ्या परदेशी पदवीची वार्ता अनेक घरांत आशेने वाचली गेली असेल, तर नवल नाही. परंतु स्वागत करण्यापूर्वी थोडा विचार करणे आम्हास अगत्याचे वाटते.

विद्यापीठाने देशाची सीमा ओलांडणे ही नवलाई नव्हे. वरील पाचांपैकी ॲबर्डीनची स्थापना १४९५ मध्ये बिशप विल्यम एल्फिन्स्टन यांनी पोपमहोदयांच्या आज्ञापत्रानुसार केली. त्या काळी अशा मान्यतेचे एक महत्त्व असे होते, की तेथील पदवीधराची विद्वत्ता इतर देशांतील विद्यापीठांतही ग्राह्य मानली जावी. ज्ञानाला सीमा नसते, हे तत्त्व जुनेच आहे. नवे आहे ते त्यामागचे अर्थकारण.

इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांकडून घ्यावयाच्या वार्षिक शुल्काची कमाल मर्यादा २०१७ पासून २०२५ पर्यंत ९,२५० पौंडांवर स्थिर होती. महागाई वाढत राहिली. परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर मात्र अशी मर्यादा नव्हती. साहजिकच अनेक विद्यापीठांचा ताळेबंद परदेशी विद्यार्थ्यांच्या आधाराने उभा राहिला. पुढे जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने बहुतेक परदेशी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंबीय सोबत आणण्यास मनाई केली आणि त्याच महिन्यात कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. विद्यार्थ्याला देशात घेणे कठीण झाले, की विद्यापीठाने विद्यार्थ्याच्या देशात जाण्याचा पर्याय अधिक आकर्षक ठरतो. हा हेतू निंद्य आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तो ओळखून वाटाघाटी कराव्यात, एवढेच आमचे म्हणणे आहे.

या वाटाघाटी करणार कोण? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये विद्यापीठांना आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठी स्वतंत्र कार्यालय स्थापण्याची सूचना केली. २०२२ मध्ये संयुक्त व दुहेरी पदव्यांचे नियम आले आणि २०२३ मध्ये परदेशी संकुलांचे. या कार्यालयाच्या प्रमुखाचे काम म्हणजे परदेश दौरे, हस्तांदोलने आणि सामंजस्य करारांची वाढती यादी, असा समज रूढ आहे. खरे काम स्वाक्षरीनंतर सुरू होते. दोन्हीकडील श्रेयांक जुळतात काय? परीक्षांची वेळापत्रके जुळतात काय? तिकडचे प्राध्यापक येथे किती महिने शिकवतील आणि येथील किती जण तिकडे जातील? आणि सर्वात नाजूक प्रश्न म्हणजे, उद्या करार मोडला तर विद्यार्थ्याचे काय?

हा शेवटचा प्रश्न कल्पित नाही. सिंगापूरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने २००७ मध्ये संकुल सुरू केले. अपेक्षेइतके विद्यार्थी मिळाले नाहीत आणि त्याच वर्षी, काही महिन्यांतच, ते बंद झाले. त्याच शहरात येल विद्यापीठ व सिंगापूरचे राष्ट्रीय विद्यापीठ यांनी २०११ मध्ये करार करून संयुक्त महाविद्यालय स्थापिले. ते नावारूपास आले. तरीही २०२१ मध्ये ते बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. मात्र प्रवेश घेतलेल्यांना अभ्यासक्रम पूर्ण करू दिला गेला आणि अखेरची तुकडी २०२५ मध्ये बाहेर पडली. दोन्ही संस्था नामांकित होत्या. एकीत विद्यार्थ्यांना अर्ध्या वाटेत नवा मार्ग शोधावा लागला, दुसरीत वाट पूर्ण करता आली. भागीदारीची परीक्षा उद्‌घाटनाच्या दिवशी होत नाही, निरोपाच्या दिवशी होते, असे आम्हास वाटते.

आपल्या २०२३ च्या नियमांनी याची दखल घेतली आहे. आयोगाच्या पूर्वपरवानगीविना परदेशी संस्थेला अभ्यासक्रम वा संकुल बंद करता येत नाही आणि तशी वेळ आल्यास विद्यार्थ्यांची पर्यायी व्यवस्था करण्याची जबाबदारी तिच्यावरच आहे. ही तरतूद स्वागतार्ह होय. परंतु शुल्क व प्रवेशाचे निकष ठरविण्याची मोकळीक संस्थांना आहे. शुल्क पारदर्शक व वाजवी असावे, एवढी अपेक्षा व्यक्त केली आहे. शिष्यवृत्ती त्यांनी द्यावी असे नाही, त्या देऊ शकतात. 'देऊ शकतात' आणि 'देतील' या दोन शब्दांमधील अंतरात कष्टकऱ्यांची हुशार मुले अडकून पडण्याची भीती आम्हास वाटते. संयुक्त व दुहेरी पदव्यांच्या २०२२ च्या नियमांतही उच्च मानांकन असलेल्या भारतीय संस्थांनाच थेट परवानगी ठेवली गेली. म्हणजे ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थी दोन्ही दारांबाहेर राहण्याचा संभव आहे.

सहकार्याचे चांगले उदाहरण दूर शोधावयास नको. पवईच्या आयआयटीने ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठासह २००८ मध्ये संशोधन अकादमी स्थापिली. तेथे संशोधकाला दोन्ही संस्थांचे मार्गदर्शक असतात, तो दोन्ही ठिकाणी काम करतो आणि पदवी दोघांच्या नावाची असते. येथे कोणी विक्रेता नाही, कोणी गिऱ्हाईक नाही. ज्ञान दोन्ही दिशांनी वाहते.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे, की माहितीपुस्तकातील इमारतीच्या चित्रावर विसंबू नये. पदवी मूळ विद्यापीठाची आहे काय, शिकविणारे कोण, शिष्यवृत्ती किती जणांना आणि कोणत्या निकषावर, संकुल बंद झाल्यास लेखी हमी काय, हे प्रश्न कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी विचारावेत. आणि विद्यापीठांच्या धुरीणांनाही आमचे सांगणे आहे, की आपल्या करारांची संख्या वार्षिक अहवालात छापताना, त्या करारांमुळे सामान्य घरातील किती मुले शिकली, हाही आकडा त्याच पानावर छापावा.